धाकूची उंची

मी मूळचा म्हापशाचा, म्हणजे पोर्तुगीज हद्दीतला. मुंबईला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि १९३२ च्या जूनमध्ये, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत, रत्नागिरीला एका बोर्डिंगाचा रेक्टर म्हणून रुजू झालो. अंतर फार नव्हे. पण सरकार वेगळे, कायदा वेगळा, वाटेत ट्रंक उपसून पाहणारा कस्टमचा शिपाई. घरची मंडळी मी परदेशी गेलो असेच सांगत. मुलांनी आठवड्याभरात माझे नाव 'फिरंगी मास्तर' ठेवले.

"मास्तर, तुमच्या मुलखात शाळेत पाण्याऐवजी दारू देतात, खरं काय?" एकाने जेवताना विचारले.

"देतात. पण गणित सुटलं तरच."

"मग आमचा भागोजी तिथं तहानेनं मरल!"

भागोजी सगळ्यांत मोठा, पंधरा वर्षांचा. तोही हसला.

मांडवी बंदराच्या वरच्या चढणीला जांभ्या दगडाची बैठी कौलारू इमारत, बावीस मुले, बारा ते पंधरा वयाची. बहुतेकांचे बाप आगबोटींवर खलाशी. दोन-दोन वर्षे घरी न येणारे. त्या वाड्यांमधली एक रीत मला पहिल्याच महिन्यात कळली. आई लिहिणारी नाही, बाप वाचणारा नाही. तेव्हा आई मुलाच्या उंचीची सुतळी तोडते, वरच्या टोकाला गाठ मारते आणि ओळखीच्या खलाशाबरोबर बापाकडे पाठवते. एडनला नाहीतर रंगूनला तो माणूस गाठ हातात धरून सुतळी खाली सोडतो आणि पोर केवढे झाले ते पाहतो.

यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मुलांची उंची मोजली जाई. जेवणघराच्या दाराची चौकट फणसाच्या लाकडाची होती, जुनी होऊन तांबूस काळी पडलेली. तिच्यावर प्रत्येक मुलाची आपली उभी ओळ, आणि उंचीपाशी चाकूने ओढलेली आडवी रेघ. आई आली की त्या रेघेवरून सुतळी तोडून नेई. मला हे फार आवडले. मी आलेखाचा कागद मागवला आणि बावीस मुलांच्या वाढीच्या वक्ररेषा काढू लागलो.

चौकटीवर ओळी मात्र तेवीस होत्या.

तेविसावी धाकूची. हर्णैचा मुलगा. आदल्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, तो मांडवीहून एका होडीतून गेला. होडी मिळाली, तो मिळाला नाही. तेव्हाची त्याची उंची चार फूट साडेसात इंच. जुन्या रेक्टरांनी वहीत ती तारखेसह लिहून खाली रेघ मारली होती. पण चौकटीवर तिच्या वर आणखी दहा रेघा होत्या.

मी भागोजीला बोलावले. "हा चावटपणा कोणाचा?"

"आमचा न्हाय, मास्तर."

"मग रेघा कोण ओढतं?"

तो पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत राहिला. "ज्याच्या हायत तो."

मी रागावलो नाही. पुढच्या मोजणीच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी धाकूच्या ओळीवर खळीने कागद चिकटवला आणि कडांवरून लाकडापर्यंत जाईल अशी शाईने सही केली. रविवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, कागद ओला करून सोडवला. सही कुठेही तुटली नव्हती. खाली नवी रेघ होती. जुन्या रेघा काळवंडलेल्या; ही हळदीसारखी पिवळी, ताज्या कापाची. बोट लावले तेव्हा लाकडाचा बारीक भुसा बोटाला आला.

असे मी तीन महिने केले.

नोव्हेंबरात बोर्डिंगात गोवराची साथ आली. त्या महिन्यात एकाही मुलाची उंची वाढली नाही. धाकूचीही नाही. आलेखावर तेवीस रेषा एकाच ठिकाणी आडव्या झाल्या. तो कागद मी कोणाला दाखवला नाही.

त्याची आई जनी पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्यावर आली होती. वाळलेली, सावळी बाई. अंगाला सुक्या मासळीचा वास. तिने चौकटीवरून सुतळी मोजली, दाताने तोडली, गाठ मारली.

"त्याच्या वडिलांना कळवलं नाहीत?" मी विचारले.

"काय कळवू? दर्यानं माझा पोर परत दिलान न्हाय. मेला म्हणून कुणाच्या तोंडानं सांगू?" मग सुतळी कमरेला खोचून म्हणाली, "ही जाते तवर तो मानूस तिकडं दोन घास सुखानं खातो, मास्तर. तुमचं काय जातं?"

माझे काहीच जात नव्हते.

डिसेंबरअखेर धाकूच्या बापाचे पत्र बोर्डिंगावर आले, बोटीवरच्या कुणा कारकुनाने लिहून दिलेले. शिमग्याला दोन महिन्यांच्या रजेवर येतो आहे. येताना मांडवीलाच उतरून मुलाला बोर्डिंगातून घेऊन जाईन. सुतळीवरून पाहता पोर आता खांद्याला लागत असेल. त्याच्या मापाचा कोट घेतला आहे.

ते पत्र मी कितीदा वाचले! तो माणूस माझ्याच दारात उभा राहणार होता. या रेघा नसत्या तर त्याला सव्वा वर्षापूर्वीच कळले असते, रडून झाले असते. खोटे जितके वाढेल तितके त्याला जड जाईल, असा मी हिशेब मांडला. आजही तो मला चुकीचा वाटत नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी धाकूची उंची चार फूट अकरा भरली. मुले समुद्रावर गेली होती. स्वच्छ ऊन होते, स्वयंपाकीण गंगूबाई मागे भांडी घाशीत होती. मी चौकटीसमोर उभा राहिलो आणि रेक्टर मुलाशी बोलतो त्या आवाजात म्हणालो, "धाकू, तू बुडालास. तुझं नाव पटावर नाही. उद्यापासून इथं उभं राहायचं नाही. समजलं?"

बोलून झाल्यावर माझीच मला लाज वाटली.

मागचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

फेब्रुवारीत रेघ आली नाही. मार्चातही नाही. मुले जेवताना बोलेनाशी झाली. दारातून आत येताना प्रत्येक जण एका बाजूने, अंग चोरून येई. पूर्वी तसे येत नसत.

शिमग्याला आठ दिवस असताना जनी आली. भर दुपार होती. तिने चौकट पाहिली, नवी रेघ शोधली, मग माझ्याकडे पाहिले.

"रेघ नाही, जनीबाई. आता येणार नाही. ते येतील तेव्हा त्यांना मी सांगेन. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

सुतळीचे एक टोक तिने पायाच्या अंगठ्याखाली दाबले आणि दुसरे चौकटीला लावून वर नेले.

"उभा ऱ्हा बघू," ती हलकेच म्हणाली.

सुतळी ताणली गेली.

मी दोन हातांवर होतो. तिने चिमटीत धरलेली जागा मी सवयीने डोळ्यांनी मोजली. जानेवारीच्या रेघेपेक्षा ती चांगली इंचभर खाली होती.

"मान वर कर रं."

ती थांबली. पुन्हा म्हणाली. चिमूट वर सरकली नाही.

"मान खाली घातलान त्यानं." ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. "कवा घालीत नसे. तुमी काय बोललाव त्याला?"



ती खाली बसली. पदर दोन्ही हातांनी तोंडावर धरला आणि आवाज न करता रडू लागली.

सुतळी पडली नाही. चौकटीला लागून, माझ्या हनुवटीच्या जरा खाली, तिचे वरचे टोक कोणीतरी धरून ठेवले होते.