तापलेली वीट

"मढी जिना चढतायत! आंधळी आहेत, बहिरी आहेत, पण जिवंत माणसाची ऊब त्यांना बरोबर कळते. तुमच्याकडे तलवार नाही, मंतरलेलं पाणी नाही, खिशात दमडी नाही. मग? तुम्ही काय करता?" भिंगरीनं मुठीतले फासे खुळखुळवले.

मामाच्या आइस्क्रीमच्या कारखान्यात, रिकाम्या खोक्यांमागे खेळ ऐन रंगात आला होता. कागदावर काढलेला किल्ला, शर्टाच्या बटणांची मढी आणि सगळ्या नियमांची मालकीण भिंगरी! सुट्टी लागल्यापासून तिनं मामेभाऊ गेंडा आणि धाकटा भाऊ टिल्लू यांना खेळात पार भिकेला लावलं होतं. बिचारे पिठाची पुरचुंडी आणि जुना दोरखंड घेऊन लढत होते.

"मी जिन्यावर तेल ओततो! घसरतील लेकाची!" गेंडा ओरडला.

"तेल कालच संपलं."

"मग मी चुलीतली तापलेली वीट दोरीला बांधून विहिरीवर टांगतो," टिल्लू म्हणाला. "ऊब लागली की मढी तिकडेच जाणार आणि धपाधप विहिरीत पडणार!"

युक्ती झकास होती, शिवाय फुकटातली. पण भिंगरीनं एवढी खपून रचलेली लढाई एका विटेत संपली असती! "असं काही चालत नाही," ती फणकारली. "तुझा शिलेदार मेला."

टिल्लूचे डोळे भरून आले. भिंगरीला आतून वाईट वाटलं, पण माघार कोण घेणार? "चल रडूबाई, मामानं आइस्क्रीमची एकेक कांडी घ्यायला सांगितलंय," असं म्हणत तिनं त्याला उठवलं.

आइस्क्रीम साठवायच्या कोल्ड रूमचं जाड दार उघडून तिघं आत शिरले. गेंडा दाराकडे बघून थबकला. "ए, हे काय? आतली मूठ सुतळीनं बांधलीय!"

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ढकललं. दोन्ही हातांत खोकी घेऊन चाललेला कारखान्यातला मिस्त्री, आत न बघताच कोपरानं दार लोटून पुढे गेला होता. जाता जाता त्यानं कोपरानंच बाहेरचं बटण दाबून दिवाही बंद केला.

गेंड्यानं मूठ ओढली. ती सुतळीसकट त्याच्या हातात आली!

"मामा! मिस्त्रीकाका! दार उघडा!" तिघांनी दारावर लाथा मारल्या, घसा फोडून हाका मारल्या. पण बाहेर दूध घुसळायचं यंत्र घरघरत होतं आणि दार हातभर जाड. कुणीही आलं नाही.

थंडी हाडांत शिरू लागली. टिल्लू अर्ध्या चड्डीवर होता. भिंगरीनं त्याला कुशीत ओढलं, तर त्याचे दात कडाकडा वाजत होते. थोड्या वेळानं ते वाजायचेही थांबले.

"ताई," तो पुटपुटला, "मला झोप येतेय."

"झोपायचं नाही! टिल्लू, ऐकतोस ना? डोळे उघड!" तिला रडू फुटलं. आईला काय सांगायचं? आपणच त्याला इथं आणलं!

"ताई... मग? आपण काय करतो?"

रोज तीच हे विचारायची. आज तो विचारत होता. बाहेरच्या मोठ्या माणसांना ना दिसत होतं, ना ऐकू येत होतं. अगदी मढ्यांसारखी! आणि मढ्यांना कळते ती फक्त...

"ऊब!" ती किंचाळली. "गेंड्या, दाराजवळ वायरला धातूची कांडी लोंबतेय, मामा हात लावू देत नाही ती! सकाळी दार उघडं राहिलं, ती तापली, तर पुढच्या दुकानात घंटा वाजली. मामा चहा टाकून पळत आला!"

"म्हणजे टिल्लूची वीट!"

अंधारात चाचपडत त्यांनी कांडी शोधली. "काखेत धर! शर्टावरून!" भिंगरीनं फर्मान सोडलं.

"आई गं! माझी काख गेली!" गेंडा विव्हळला, पण त्यानं कांडी सोडली नाही. त्याला सहन होईना, तेव्हा भिंगरीनं घेतली. काहीच होईना. ती कांडीवर तोंडाची गरम वाफ सोडत राहिली, एका हातानं टिल्लूला चोळत राहिली. "वाज गं बाई, वाज!"

आणि दार धाडकन उघडलं!

"माझं आइस्क्रीम!" ओरडत, घंटा ऐकून धावत आलेल्या मामाला समोर पोरं दिसली. त्यानं टिल्लूला उचललं आणि बाहेर धूम ठोकली. मामीनं पोराला चादरीत गुंडाळून छातीशी धरलं. डॉक्टरीणबाई येऊन तपासून "आता धोका नाही" म्हणाल्या, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मामी मामावर कडाडली, "आठवडाभर सांगतेय मूठ बसवा म्हणून! उद्या बघू, उद्या बघू!" मामा मान खाली घालून पाना शोधत होता. मिस्त्री तर कान पकडूनच उभा होता.

"पण पोरांनो, शाबास!" मामा म्हणाला. "आम्ही मोठे गाफील राहिलो, तुम्ही डोकं चालवलंत. कुणाची ही युक्ती?"

गेंड्यानं भिंगरीकडे बोट केलं. भिंगरी म्हणाली, "नाही. टिल्लूची. आणि मी ती नाकारली होती."

तिनं किल्ल्याचा कागद टिल्लूच्या मांडीवर पसरला. "तुझा शिलेदार जिवंत आहे. वीट विहिरीवर टांगलीय. मढी निघालीत तिकडे."

टिल्लूनं चादरीतून हात काढला, एकेक बटण विहिरीत ढकललं आणि हळूच म्हणाला, "धप."