पाचर कोणाची?

जेवायला बसलेल्या माणसानं जेवावं. एवढी साधी गोष्ट थोरलीच्या मुलाला चाळिशीला टेकला तरी कळली नव्हती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात घास, आणि डोळे कुठल्या तरी न पाहिलेल्या माणसाच्या नरड्यावर. मध्येच फुत्कारायचा, मध्येच स्वतःशी हसायचा, मध्येच ताट पुढं करायचा. "आई, भाजी वाढ."

"कोणाशी चाललंय?" थोरलीनं विचारलं.

"त्या पाचरशी. सोडणार नाही मी त्याला. हे बघ, लोक काय लिहितायत. 'असा नवरा प्रत्येकीला मिळो.' ऐकलंस?"

"ऐकलं. जिला मिळालाय तिच्या ताटाकडं बघ जरा."

सूनबाईनं घासाला हात लावला नव्हता. मुलानं तिच्या पाठीवर थोपटलं, "मी आहे ना," म्हणाला आणि परत भाजी मागितली.

थोरलीला हा सगळा प्रकारच किळसवाणा वाटे. 'चव्हाटा' नावाची ती इंटरनेटवरची जागा. तिथं म्हणे यंत्रांवर चर्चा होते. कुठला फोन बरा, कुठला भिकार, तारेचा कीबोर्ड चांगला की बिनतारेचा. चर्चा कसली? उकिरड्यावर कोंबडी उकरते तसं एकमेकांना उकरायचं. बरं, भांडायचं तर निदान स्वतःच्या नावानं भांडावं! तिथं कोणी 'खिळा', कोणी 'ठिणगी', कोणी 'पाचर'. बुरखे घातलेली माणसं आणि उघडी पडलेली गटारं.

मुलगा हात धुवायला उठला तशी सूनबाई हळूच म्हणाली, "आई, तुम्ही शोधाल का? ही पाचर कोणाची ते?"

तिनं असं विचारण्यात नवल नव्हतं. थोरलीची शाळा चौथीत सुटली, अक्षरांशी तिचं कधी फारसं जमलं नाही. पण माणूस काय लपवतोय हे तिला त्याच्या चपला काढण्यावरून कळायचं. आसपासच्या चार इमारतींत कोणाचं काही गेलं, की लोक आधी तिच्याकडं येत. सोबतीला तिचे धाकटे दीर, भावोजी. तपासात त्यांची कामं दोन: वाचून दाखवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दोन्ही ते मनापासून करत.

"आधी मला सगळं सांग," थोरली म्हणाली. "आणि रडत सांगू नकोस. रडताना माणसं नेमकं महत्त्वाचं गाळतात."

सूनबाई एका वेबसाइटसाठी काम करायची. नवं यंत्र दुकानातून स्वतः विकत घ्यायचं, कॅमेऱ्यासमोर खोलायचं आणि बिघडलं तर ते दुरुस्त होईल की फेकून द्यावं लागेल, ते स्पष्ट सांगायचं. कंपनीकडून कधी काही घ्यायचं नाही, हा तिचा नियम. लोक तिच्यावर विश्वास ठेवत ते त्याच नियमामुळं.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी एका कंपनीनं न विचारताच लॅपटॉपचा डबा घरी पाठवला. सूनबाईनं तो न उघडता कामाच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुरियरनं परत धाडला. तिसऱ्या दिवशी चव्हाट्यावर फोटो झळकला. तिचं टेबल, तो डबा, आणि डब्यावर कार्ड: 'ताईंना सप्रेम भेट.' टाकणारा होता पाचर. खाली लिहिलं होतं, 'ताईंच्या प्रामाणिकपणाची किंमत बघा.'

"आई, ते कार्ड मी जन्मात पाहिलेलं नाही. पण हे कोणाला पटणार? संपादक म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत खुलासा दे, नाहीतर तुझं काम बंद. ह्या धंद्यात एकदा नाव गेलं की परत कोणी दारात उभं करत नाही."

थोरलीनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. ह्या पोरीला खोटं बोलता येत नसे. साधं 'भाजी छान झालीय' म्हणतानासुद्धा तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आत्ता त्या पांढऱ्याफटक होत्या.

"चला भावोजी. खोली बघू."

कामाची खोली आटोपशीर. टेबलावर स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडलेले, चिमटे, ब्रश आणि त्यांच्यातच एक हेअर ड्रायर.

"हे इथं कशाला गं?"

"चिकटवलेली काच ऊब दिली की अलगद सुटते, आई. ओरखडासुद्धा उठत नाही. केसांना आणि कामाला, दोन्हीला हेच."

"डबा परत धाडलास त्या दिवशी घरात कोण कोण आलं?"

"सकाळी चव्हाट्यावरचा तो 'बिनतारी' आला होता, त्याचा एक चार्जर द्यायला. नंतर मी आणि माझा कॅमेरेवाला शूटिंगला बाहेर पडलो, ते थेट संध्याकाळी परतलो."

"मी डोळे दाखवायला गेले होते," थोरली म्हणाली. "भावोजी, तुम्ही काय पाहिलंत?"

"मी काय पाहणार? जेवून आडवा झालो होतो," भावोजी म्हणाले. "आणि झोप कुठली? घूं घूं घूं! म्हटलं सूनबाई केस वाळवतेय. उशी कानावर घेतली. पण वहिनी, मी सांगतो, हा बिनतारीच! चेहराच चोराचा आहे."

"चेहऱ्यावर जायचं तर तुम्हालाच आधी धरावं लागेल. त्या पाचरचं लिखाण वाचून दाखवा."

भावोजींनी चष्मा चढवला आणि फोनवर बोट सरकवत वाचायला लागले. पाचर कोणाला गाढव म्हणत होता, कोणाला विकाऊ, सूनबाईला तर जे म्हणत होता ते भावोजींनी खोकून गाळलं. थोरलीचा मुलगा पानोपानी त्याच्यावर तुटून पडलेला. त्याला मात्र पाचरचं उत्तर यायचं, 'तुम्ही विचारी माणूस आहात, तुमच्याशी वाद घालायला मजा येते.' आणि शेवटचा शब्द दर वेळी मुलाचाच.

"सभ्य आहे हो तेवढ्यापुरता," भावोजी म्हणाले.

"पुढं."

"पुढं एक जण पाचरच्या बाजूनं लिहितोय, 'ह्या लॅपटॉपची बॅटरी नेहमीसारखी डिंकानं चिकटवलेली असणार, तरी ताई कौतुक करतीलच.' त्यावर पाचर त्यालाच झापतोय, 'माहिती नसेल तर लिहू नये. बॅटरी स्क्रूंवर बसवलेली आहे.' जाणकार आहे, वहिनी!"

थोरलीनं मान वर केली. "सूनबाई, हा लॅपटॉप बाजारात कधी आला?"

"अजून यायचाय, आई."

"हं," थोरली म्हणाली. "भावोजी, त्या कंपनीला फोन लावा. गोड बोला. असं कार्ड कुठं ठेवतात, एवढंच विचारा."

भावोजी इतकं गोड बोलले, की पलीकडच्या मुलीनं त्यांना 'काका' म्हटलं. "डब्याच्या आत असतं म्हणाली. पण वहिनी, ह्यानं काय होतंय?"

"होईल. बिनतारी आणि कॅमेरेवाला, दोघांना बोलवा."

बिनतारी आधी आला. तार असलेलं यंत्र वापरणारा माणूस माकडाच्या पंगतीतला, असं त्याचं जाहीर मत. त्यावरून सूनबाईशी त्याचं वर्षभर वाजलेलं. कानांत बिनतारेची बोंडं घालूनच तो खुर्चीत बसला.

"ती बोंडं काढ. माझ्याशी बोलताना कान मोकळे पाहिजेत."

त्यानं ती मुकाट्यानं काढली.

"त्या दिवशी डबा पाहिलास?"

"पाहिला ना. चार्जर द्यायला आत डोकावलो तेव्हा टेबलावर होता. मग काकांनी मला पकडलं. त्यांच्या पहिल्या फोनची गोष्ट ऐकवली, सगळी. निघालो तेव्हा ताईंनीच दार लावलं."

"कार्ड झाकणावर चिकटवलेलं होतं म्हणे."

"असेल. मला नाही दिसलं. दिसलं असतं तर मीच फोटो टाकला असता, स्वतःच्या नावानं! मावशी, मी हलकट आहे, पण नावानिशी हलकट आहे."

"तेवढी अब्रू राखलीस. बस तिथं."

कॅमेरेवाला घाबरूनच आला. थोडा चौकशीला आणि बराचसा थोरलीला.

"दुपारी एकदा परत आलो होतो, आजी. दिवा विसरला होता. दादांनी दार उघडलं, त्यांचं डोकं दुखत होतं म्हणून ते घरी होते. मी दिवा उचलला आणि पळालो. ताई खाली गाडीत थांबल्या होत्या."

"दिवा उचलायला किती वेळ लागतो?"

"ताई खाली हॉर्न वाजवत असल्या तर अजिबात नाही."

सूनबाई कसनुशी हसली. "खरंय, आई. सांगायचं राहिलंच. गेला तसा आला."

"कार्ड झाकणावर चिकटवलेलं होतं म्हणे," थोरलीनं त्यालाही ऐकवलं.

"मला काय कळतंय त्यातलं? मी उजेड बघतो."

भावोजी तिच्या कानाशी लागले. "वहिनी, दोघांनाही तेच खोटं का सांगताय? कार्ड तर आत होतं."

"दोघांनी खोडलं का?"

"नाही."

"मग गप्प बसा. तिसऱ्याला बोलवा."

मुलगा फोन हातात घेऊनच आला आणि सुनेच्या शेजारी, तिच्या खांद्यावर हात टाकून बसला. "सापडला का पाचर? मी इकडं त्याची पार चामडी लोळवलीय. लोक म्हणतायत आता मीच खुलासा लिहावा."

"नाही सापडला," थोरली म्हणाली. आवाज पडलेला. "म्हातारीची अक्कल चालेना. बहुतेक तुझी बायकोच खोटारडी. कार्ड डब्याच्या झाकणावर चिकटवलेलं होतं, हिनं ते पाहिलं आणि दडवलं. आता असंच लिहून टाक."

"झाकणावर नाही गं, आई," मुलगा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला. "चार्जर असतो ना, त्याच्या खालच्या खणात होतं."

मग सूनबाईनं त्याचा हात आपल्या खांद्यावरून काढला. उष्टं भांडं बाजूला सारावं तसा.

"म्हणजे... असं लिहिलंय कुठंतरी," मुलगा म्हणाला. "चव्हाट्यावर."

"दाखव," बिनतारी म्हणाला. "मी ओळन्‌ओळ वाचलीय. असं कुठंही नाहीये."

"वहिनी, मला काही कळेना," भावोजी म्हणाले.

"तुमच्यासाठीच सांगते." थोरली खुर्चीत टेकून बसली. "फोटोत कार्ड डब्यावर आहे. कंपनी म्हणते ते आत असतं, आणि सकाळी ह्या बिनताऱ्यालाही ते दिसलं नाही. म्हणजे फोटो काढणाऱ्यानं डबा उघडला होता. सूनबाईनं तो उघडला असता तर 'कार्ड पाहिलं नाही' असं कशाला म्हणाली असती? 'आतून निघालं' म्हटलं असतं, तर लोकांना पटलंही असतं. पाचर फोटो टाकून थांबला नाही. बाजारात न आलेल्या यंत्राची बॅटरी कशी बसवलीय, तेही तो सांगतो. यंत्र आतून पाहिल्याशिवाय ते कोणाला सांगता यायचं नाही. म्हणजे डबा उघडणारा आणि पाचर एकच."

"पण डबा तर जशाचा तसा परत गेला!"

"भावोजी, तुमची झोप कशानं मोडली होती?"

"घूं घूं..." भावोजींचं तोंड उघडं राहिलं. "पण सूनबाई तर बाहेर होती."

"तेच म्हणते. ऊब दिली की चिकटपट्टी अलगद सुटते, पुन्हा दाबली की बसते. तेव्हा घरात तुम्ही होता, पण तुम्ही उशीखाली. कॅमेरेवाला आला तसा गेला. राहिला डोकेदुखीवाला. डोक्यावर वाळवायला ह्याच्या काय उरलंय, ते दिसतंच आहे."

कॅमेरेवाल्यानं हसू दाबलं.

"आणि मला हे जेवतानाच खटकायला हवं होतं. बायकोची अब्रू जात असताना माणूस दोनदा भाजी मागून घेतो? खरं भांडण अंगात असलं की घास फिरतो तोंडात. ह्याचं भांडण कोणाशी? स्वतःशीच! ह्या तोंडानं बायकोला शिव्या, त्या तोंडानं तिची बाजू. म्हणून तर पाचर सगळ्या जगाला गाढव म्हणतो आणि ह्याला तेवढा विचारी."

"मग कार्डाचं ते खोटं..." भावोजी म्हणाले.

"ही चव्हाट्यावरची जात रोज माझ्या ताटासमोर बसते. घर जळत असलं तरी चालेल, पण समोरचा चुकीचं बोलला की ह्यांना राहवत नाही. स्वतःच्या बाजूच्या माणसाची चूकसुद्धा पाचरला बघवली नाही. म्हटलं, आपणही एक चूक टाकून बघावी. दोघांनी ती सोडून दिली, कारण त्यांना ठाऊकच नव्हतं. तिसऱ्यानं उचलली."

मुलाचा चेहरा आंबला. "आई, मी तिला सोडवणारच होतो. आजच पाचरला खोटं पाडणारा लेख टाकणार होतो. सगळा तयार आहे."

"का?" सूनबाईनं विचारलं. "एवढंच सांग. का?"

"तुला काय कळणार? तुझ्या आधीपासून लिहितोय मी त्या जागेवर. एक कुत्रं विचारत नव्हतं. 'ताईंचा नवरा', एवढीच माझी ओळख. ह्या आठवड्यात पहिल्यांदा लोकांनी माझं नाव घेतलं. पहिल्यांदा तुला माझी गरज पडली."

"रोज रात्री मी तुझ्या खांद्यावर रडले," ती म्हणाली. "आणि तू एका हातानं मला थोपटत दुसऱ्या हातानं ते लिहीत होतास."

बिनतारी उठून खिडकीशी गेला. त्यालाही बघवेना.

"संपादकाला लाव फोन," थोरली मुलाला म्हणाली. "आवाज मोठा ठेव. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

"आई, माझी नोकरी... लोक काय म्हणतील?"

"लाव."

त्यानं लावला. अडखळत, घाम पुसत, स्वतःचं नाव सांगून त्यानं सगळं कबूल केलं. डबा, कार्ड, पाचर. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हेच चव्हाट्यावर तुमच्या दोन्ही नावांनी लिहा. आणि ताईंना सांगा, काम चालू आहे." मुलानं लिहिलं. भावोजींनी ते शब्दन्‌शब्द मोठ्यानं वाचून घेतलं, आणि ह्या खेपेला काहीही गाळलं नाही.

मुलानं फोन टेबलावर ठेवला आणि लहानपणी फुलदाणी फोडल्यावर बघायचा तसं आईकडं पाहिलं. "झालं ना आता? आई, मी तुझा मुलगा आहे."

"आहेस. ते मला पुसता येत नाही," थोरली म्हणाली. "पोटी कोण यावं हे बाईच्या हातात नसतं. घरात कोण राहावं, हे माझ्या हातात आहे. बायकोला पाण्यात ढकलून काठावरून दोर दाखवणारा माणूस मला ह्या घरात नको. सूनबाई इथं राहील, तिला वाटेल तोवर. तू ऊठ, कपडे भर आणि नीघ."