हाळीचं मीठ

मैफल उघड्यावर असली की आर्विद कॉफीचे दोन थर्मास भरून घेई. दुसरा कशाला, असं विचारलं तर म्हणे, पहिला संपल्यावर कळेल. या शनिवारीही दोन थर्मास, घोंगड्या, बसायच्या उश्या, डासांचं तेल आणि दालचिनीचे पाव असा अख्खा संसार गाडीत टाकून तो अंगणात उभा होता.

“सिग्ने! अगं, वाद्यवृंद शहरातून येऊन बसला, आणि तुझा पाय काही घरातून निघत नाही!”

सिग्ने आत होती. कपाटाच्या तळातून तिने चामड्याची एक छोटी पिशवी काढली होती, कमरेला बांधायची, तोंडाला दोरी असलेली. कडक झालेलं चामडं तिने तेलाचा हात लावून मऊ केलं होतं. मग जाडं मीठ आणि जवाचं पीठ काट्यावर तोलून तिने पिशवीत भरलं. जन्मभर औषधांच्या दुकानात पुड्या बांधलेली बाई ती. अंदाजपंचे काही करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. भुतंखेतं, शकुन-अपशकुन यांना तिच्या घरात थारा नव्हता. एकच गोष्ट सोडून.

गाडीत बसताना आर्विदची नजर पिशवीवर गेली.

“मीठ? तिथे उकडलेली अंडी मिळणार आहेत की काय?”

“गाडी चालव.”

त्याने गाडी काढली. ती एक गोष्ट त्याला माहीत होती. लग्नाआधीच तिने ती सांगितली होती, आणि तेव्हा त्याने चेष्टा केली नव्हती. म्हणून तर लग्न झालं.

सिग्ने सहा वर्षांची असताना उन्हाळ्यात ब्रीता मावशीकडे रानातल्या वाडीवर होती. तेव्हा या भागातल्या बायका उन्हाळाभर गुरं घेऊन रानात राहत, लोणी आणि चीज तिथेच करत. दिवसभर गुरं मोकळी चरत. संध्याकाळी मावशी खडकावर उभी राहून हाळी देई. उंच, बारीक आवाजाची, शब्द कमी नि सूर जास्त अशी ती हाळी तीन टेकड्या ओलांडून जाई. तिच्यात गायींची नावं असत: लिल्या, रूसा, क्रूना. गायी आल्या की मावशी कमरेच्या याच पिशवीतलं, पीठ मिसळलेलं मीठ तळहातावर घेऊन एकेकीला चाटायला देई. हाळी द्यायची तर जवळ मीठ हवंच. रिकाम्या हाताने कुणाला बोलावू नये, असं ती म्हणे. आणि ज्याने मीठ खाल्लं तो त्या हाळीचा झाला, पुन्हा हाक आली की त्याने यायचं.

एका संध्याकाळी गायी आल्या, सिग्ने आली नाही. ती दलदलीकडे पिवळ्या रानबेरी वेचायला गेली होती आणि मागून धुकं उतरलं. माणसं कंदील घेऊन रान धुंडाळत राहिली. मावशी खडकावरून हलली नाही. घसा बसायला आला तेव्हा तिने हाळीचं शेपूट घेतलं. शेपूट म्हणजे शेवटचं एक वळण, मावशीला तिच्या आजीकडून मिळालेलं. ते गायींसाठी नाही एवढंच आजीने सांगितलं होतं. कुणासाठी, ते सांगितलं नव्हतं. त्या वळणात मावशीने गायींच्या नावांपुढे सिग्नेचं नाव जोडलं.

पहाटे धुक्यातून एक पांढरी गाय आली. शिंगं नव्हती, गळ्यात घंटा नव्हती. तिच्या मानेवर हात ठेवून सिग्ने चालत होती, कोरडी, उबदार, नुकती झोपेतून उठल्यासारखी. मावशीचा हात पिशवीत गेला. पिशवी रिकामी होती, रात्रीच्या धावपळीत मीठ कुठेतरी सांडून गेलं होतं. गाय थांबली, त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली आणि वळून निघून गेली. ती कुणाची, हे आसपासच्या एकाही वाडीला सांगता आलं नाही. मावशीने पोरीला उराशी कवटाळून पटापट मुके घेतले, तर पोरीचे ओठ खारट लागले.

“रडली असेल बिचारी रात्रभर,” लोक म्हणाले.

सिग्ने रडली नव्हती. तिला एक तळहात आठवत होता. रुंद, गार, तिच्या तोंडापुढे धरलेला. तो मावशीचाच, असं ती तेव्हा समजली होती.

मावशीने पुढे ते शेपूट कधी घेतलं नाही. धुक्यात ऐकलेलं ते वळण सिग्ने मात्र कधी विसरली नाही. पण मरेपर्यंत रोज संध्याकाळी पिशवीत मूठभर मीठ राखून ठेवी. सिग्ने मोठी झाली, शिकली, दुकानात लागली, आर्विद भेटला, लेक झाली, लेकीची लेक टूवा झाली. सकाळी खिडकीत बसून कॉफी पिताना कधी कधी तिचा ऊर भरून येई. हे सगळं आपल्याला कुणीतरी त्या पहाटे परत आणून दिलं, आणि आपण साधं ‘उपकार झाले’ एवढंसुद्धा म्हटलं नाही. खाल्ल्या मिठाला माणसाने जागावं. आता शहात्तरावं सरत आलं होतं. आणखी किती वाट बघायची?

म्हणून गेल्या हिवाळ्यात, जुन्या खाणीत भरणाऱ्या या मैफलीत वाद्यवृंदाबरोबर हाळी देण्यासाठी टूवाची निवड झाली तेव्हा, सिग्नेने तिला स्वयंपाकघरात उभं करून अख्खी हाळी शिकवली. शेपटासकट. आर्विद कानातलं यंत्र काढून ठेवी आणि गरज नसताना अंगणातला बर्फ उपसायला जाई.

“ब्रीता मावशी हे का नाही घ्यायची मग?” टूवाने विचारलं होतं.

“तिच्याजवळ त्या दिवशी मीठ नव्हतं. आपण घेऊन जाऊ.”

“आजी, तू ना… बरं, घेऊन जाऊ.” टूवा हसली होती. “आणि गाय आली तर? तिचं तिकीट कोण काढणार?”

“आजोबा.”

खाण चुनखडीची. बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता तिथे खोल वाडग्यासारखा खड्डा होता, तळाशी हिरवं पाणी, पाण्याच्या काठाला रंगमंच आणि समोर चढत गेलेल्या बाकांच्या रांगा. वर गाडीतळ आणि गाडीतळाला लागूनच रान. उत्तरेकडची जूनमधली लांबलचक संध्याकाळ असल्याने ऊन वरच्या कड्यांवर रेंगाळत होतं, पण खाली उतरावं तसा गारवा पायांतून वर चढत होता. ओल्या दगडाचा, डासांच्या तेलाचा आणि कॉफीचा वास येत होता. सिग्नेने मुद्दाम रांगेच्या टोकाची जागा घेतली होती. तिच्या उजव्या हाताला कुणी नव्हतं. एक अरुंद पायरी आणि तिच्यापलीकडे सरळ उभी भिंत.

सुरुवात छानच झाली. गावोगावचे व्हायोलिनवाले आपापल्या गावच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखात उभे राहिले, मागे शहरातला काळ्या कपड्यांतला वाद्यवृंद. गावचे पाय आपटून ताल धरत होते, शहरचे हळूच संचालकाकडे बघत होते. दोन नाचांपर्यंत ही ओढाताण चालली, मग कधीतरी शहरवाल्यांचेही पाय आपटायला लागले. शेजारच्या बाईने डोळे पुसले. आर्विदने पहिला थर्मास उघडला.

“बघितलंस? नोकरदार माणसं सुद्धा नाचायला लागली.”

मग टूवा पुढे आली. गावचा लाल पट्ट्यांचा एप्रन, केसांना फीत. या भागात कुठलीही चाल कुणाकडून आली ते सांगितल्याशिवाय वाजवत नाहीत, आणि तिने ते नीट सांगितलं.

“ही हाळी ब्रीता मावशीची. तिच्याकडून माझ्या आजीला आली, आजीकडून मला. आजी इथे बसली आहे. आजी, तुझे आभार.”

सिग्नेला हुंदका येईल असं वाटलं, पण आला नाही. नुसतं सुख झालं. तिने घोंगडीखाली हात घालून कमरेच्या पिशवीची दोरी सैल केली.

टूवाने मान वर केली आणि हाळी दिली.

आवाज पाण्यावरून गेला, समोरच्या कड्यावर आदळला आणि परत आला. लोकांच्या अंगावर काटा आला, तो दिसत होता. लिल्या. रूसा. क्रूना. मागे व्हायोलिनांनी एकच सूर धरला होता, इतका हलका की तो हवेचाच वाटावा. प्रत्येक नावाला खाण लगेच ओ देत होती.

मग टूवाने आजीकडे पाहिलं. सिग्नेने मान हलवली.

टूवाने शेपूट घेतलं.

ते वळण वर गेलं, तिथे थोडं थरथरलं, आणि तुटल्यासारखं थांबलं. व्हायोलिनं सूर धरून होती. संचालकाची काडी वर होती.

या वेळी खाण लगेच बोलली नाही.

सिग्नेच्या लक्षात आलं की डास गेले आहेत. हातावर एकही नाही. पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्याही नाहीत.

संचालकाने काडी खाली आणली नाही. का, ते त्यालाही कळत नसावं. वादकांच्या हातातले गज अगदी हळू सरकत होते.

मग ओ आली. समोरच्या कड्यावरून नाही. सिग्नेच्या उजवीकडच्या भिंतीकडून आली, टूवापेक्षा खालच्या सुरात, सावकाश, जणू कुणी ऐकून, ओळखून, मग जबाब दिला असावा.

वास आला. ओल्या केसांचा, ताज्या दुधाचा, धुक्याचा.

उजव्या खांद्यावर गरम श्वास पडला.

सिग्ने वळली नाही. भीती वाटत होती. वाटत नव्हती असं म्हणणं खोटं होईल. पण हात स्थिर होता. आयुष्यभर तिने हा हात स्थिर ठेवला होता. तिने पिशवीतलं सगळं मीठ तळहातावर ओतलं आणि हात बाकाबाहेर, पायरीच्या बाजूला धरला.

खरखरीत जीभ तळव्यावरून फिरली. एकदा. पुन्हा. बोटांच्या बेचक्यांतूनही.

सिग्नेने डोळे मिटून घेतले.

“तुझे उपकार झाले,” ती ओठातल्या ओठात म्हणाली. “आर्विदबद्दल. लेकीबद्दल. टूवाबद्दल. सगळ्याबद्दल.”

चेहऱ्याला काहीतरी गार लागलं. वारा असावा.

“कुणी कुत्रं आणलंय का गं?” आर्विद वाकून म्हणाला. “ओल्या कुत्र्यासारखा वास येतोय.”

संचालकाची काडी खाली आली आणि सगळा वाद्यवृंद एकदम उसळला. तुताऱ्या, ढोल, व्हायोलिनवाले, आपटणारे पाय. लोक उभे राहिले. सिग्नेने डोळे उघडले. पायरी रिकामी होती, मधोमध थोडी ओली. तिचा तळहात ओला आणि स्वच्छ होता. पिठाचा कणसुद्धा नव्हता. तिने तो गालाला लावला आणि ती हसली. सत्तर वर्षांचं एक ओझं उतरलं होतं आणि अंग पिसासारखं हलकं झालं होतं. आर्विदला काय झालं ते कळलं नाही, पण त्याने तिचा दुसरा हात हातात घेतला आणि पुढच्या नाचभर सोडला नाही.

मैफल संपली तेव्हाही वर उजेड होता. लोक घोंगड्या गुंडाळत, गुणगुणत वर चढत होते. गाडीतळावर आर्विदने गाडीच्या पाठीमागे दुसरा थर्मास उघडला, आता तरी पटलं ना, अशा तोऱ्यात. टूवा पोशाखावरच धावत आली आणि तिने आजीला मिठी मारली.

“आजी! संचालक काय म्हणाले माहीत आहे? म्हणे, इतकी वर्षं इथे येतोय, पण असा प्रतिध्वनी कधी ऐकला नाही. मी त्यांना सांगितलंच नाही ते तू होतीस म्हणून.”

“मी?”

“मग कोण? भिंतीकडून तूच तर साथ दिलीस. तो जबाब आला नसता तर मी तिथेच अडकले असते. खरंच, तुझ्यामुळे निभावलं.” टूवाने फीत सोडली आणि केस झटकले. “फक्त एक कळलं नाही. शेवटी तू गायींची नावं घेतलीसच नाहीस.”

“मग कुणाचं घेतलं?”

“आता बनवू नकोस. तुझंच घेतलंस की! नुसतं तुझं.”

आर्विदने सिग्नेच्या हातात कॉफीचा पेला दिला. तिने घोट घेतला आणि थांबली.

“तू कॉफीत काय घातलंस?”

“साखर. नेहमीसारखी.” त्याने आपल्या पेल्यातली पिऊन पाहिली. “चांगली गोड आहे. का?”

सिग्नेने ओठांवरून जीभ फिरवली. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जाडे खडे होते, अजून न विरघळलेले. तिला रडू आलं नव्हतं. चव वाईट नव्हती. सहा वर्षांची असतानाही नव्हती.

रान शांत होतं. गाडीतळाच्या कडेला झाडं सुरू होत होती तिथे धुकं उतरायला लागलं होतं. छान संध्याकाळ होती. पायांना चालावंसं वाटत होतं, इतके ते हलके झाले होते.

“सिग्ने,” बऱ्याच मागून आर्विदची हाक आली, “अगं, गाडी इकडे आहे.”