आजी, पूल आला

हे सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो.

एप्रिलचा उकाडा. आईची उजवी बाजू लुळी पडलेली, पाठीला फोड आलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली थंड ठेवली नाही तर जखमा चिघळतील. नवा एसी घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं. एसीवाला तिऊ म्हणाला, "थावोनदादा, आंफवा गावात एक म्हातारी वारली. लेक एसी विकतेय. चांगला आहे, पण तुमच्या आईला चालेल का?"

कसला चालतोय! मेलेल्या माणसाची साधी चटईसुद्धा आई घरात घेत नसे. तरी गेलो.

खोलीत बामाचा वास कोंडला होता. तिऊनं एसीचा गॅस बंद केला, तांब्याच्या नळ्या सोडवल्या. मी लेकीला विचारलं, "आजी इथंच गेल्या?"

"हो, याच पलंगावर. सरळ विहारात नेलं. हाका मारत बसायला वेळ कुणाला होता?"

मेलेल्याला नेताना वळण आलं, पूल आला की हाक मारून सांगायचं, म्हणजे तो वाटेत हरवत नाही. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मलाही ठाऊक होतं.

परतताना मनात धाकधूक होती. ती झाकायला मी पहिल्याच कालव्यावर खिडकीतून ओरडलो, "आजी, पूल आला हं! सांभाळून!"

तिऊ हसला नाही. "दादा, गप बसा हो. असली थट्टा नको."

मला आणखीच चेव आला. पाच पूल लागले. पाचही पुलांवर हाक मारली, वर खदाखदा हसलो. दारात तर म्हणालो, "उतरा आजी, आलं घर."

आईनं विचारलं, "कुणाचा रे?"

"एका बाईंचा. बदली झाली त्यांची."

तिऊ भिंतीला भोकं पाडत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाताना चहालाही थांबला नाही.

त्या दुपारी आई महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपली. माझं खोटं मला पुण्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी आई भिंतीला चिकटून होती. मी वळवल्याशिवाय तिला कूसही बदलता येत नाही.

"आई, इकडे कशी सरकलीस?"

"जागा नको का द्यायला?" ती म्हणाली.

हसण्यावारी न्यायला गेलो, पण हसू फुटेना. एसी तिऊनं खोलून साबणानं धुतला होता. तरी वाऱ्याबरोबर बामाचा वास येत होता. आमच्या घरात कुणी बाम लावत नाही.

आठवडाभर मी तिच्या नजरेला नजर देणं टाळलं. जखमा मात्र सुकत होत्या. शेवटी राहवेना. पायाशी बसलो. "आई, मी खोटं बोललो. हा एसी..."

"ठाऊक आहे. तिनं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"लेकीनं हाक मारली नाही म्हणे. तू मारलीस."

मी तिच्या पायावरची चादर सारखी करू लागलो.

"हसत होतास म्हणाली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई रागावली असती तरी चाललं असतं. ती माझ्यासाठी ओशाळली होती.

"आजच काढायला लावतो," मी उठलो.

"आणि माझ्या पाठीचं काय? अन् तिनं जायचं कुठं? हाक मारून आणलेल्या माणसाला असं घालवतात का?" आईनं डावा हात हलवला. "त्यापेक्षा पेज आण. दोन वाट्या."

आणल्या. दोन्ही उशाशी ठेवल्या आणि मान खाली घालून बाहेर आलो.

आईला भरवावं लागतं. डाव्या हाताला चमचा पेलत नाही.

अर्ध्या तासानं आत गेलो. दोन्ही वाट्या रिकाम्या होत्या, आणि आईचं तोंड कुणीतरी नीट पुसलं होतं.