पातेल्यातलं आणि ताटातलं

"कागद आहे, शाई आहे, मग छापत का नाहीस रे?" चंद्रावरच्या वसाहतीत राहणारी कनका कमरेवर हात ठेवून छपाईयंत्राला दटावत होती. तीनच्या यानाने तिची जिवलग मैत्रीण तहसीन कायमची पृथ्वीवर निघाली होती. तिच्यासाठी जाड कागदावर, मोठ्ठ्या अक्षरांत निरोपाचं कार्ड हवं होतं. पडद्यावर मात्र एकच पालुपद: 'परवानगी नाही.'

परवानगी होती वसुदेवआजोबांच्या हातात. ते शास्त्रज्ञ, शिवाय वसाहतीच्या संगणकांचे प्रशासक (कोणी काय बदलायचं हे ठरवणारा माणूस). पण नातीपुढे त्यांचं कुठलं चालायला! त्यांनी लाडालाडात सगळे अधिकार देऊन टाकले.

दहाच मिनिटांत दवाखान्यातून डॉक्टर सावनूर तणतणत आल्या. "वसुदेवकाका, हे बघा! औषधाची चिठ्ठी पुठ्ठ्यावर, अक्षरं ही एवढाली! 'दोन गोळ्या' छापलंय, 'जेवणानंतर' कागदाबाहेर! नशीब, मी वाचून पाहिलं."

कनकाने स्वतःची समजून सगळ्यांचीच मांडणी (कागद, अक्षरं, रंग यांची ठरवून ठेवलेली सोय) बदलली होती. आजोबांनी माफी मागितली आणि कनकाचं कार्ड निघायच्या आतच सगळं पूर्ववत करून पुन्हा कुलूपबंद केलं.

"मोकळीक दिली की गोंधळ," ते पुटपुटले.

"आणि नाही दिली की मी रडते," कनका म्हणाली आणि खरंच रडली.

जेवायला बसली तरी तिचं नाक लालच होतं. आजोबांनी ताटातलं मीठ चिमूटभर आपल्या आमटीत कालवलं, तशी ती थबकली.

"आजोबा, अळणी लागलं तर तुम्ही पातेल्यातच मीठ का नाही घालत?"

"वेडे, बाकीच्यांना खारट होईल ना!"

"मग यंत्राचंही तसंच करा की! पातेलं तुमच्याकडे. ताटातलं मीठ ज्याचं त्याचं."

आजोबा पानावरून उठलेच. हात धुऊन कामाला लागले. सगळ्यांची मूळ मांडणी आणि ड्रायव्हर (संगणकाचं म्हणणं यंत्राला समजावणारा दुभाष्या) त्यांनी स्वतःकडे ठेवले, पण प्रत्येकाच्या नावाने एक कप्पा उघडला. त्यात काय बदलाल ते फक्त तुमच्यापुरतं.

अडीच वाजता कनकाचं कार्ड बाहेर पडलं. त्यामागोमाग दवाखान्याची चिठ्ठीही आली, नेहमीसारखी बारीक आणि पूर्ण. यानतळावर कप्प्यांची गोष्ट ऐकत तहसीनने कार्ड छातीशी धरलं. "नव्या शाळेतही असे कप्पे करायला सांगते," ती म्हणाली, आणि दोघी पोटभर रडल्या.

कनका परतली तेव्हा आजोबा स्वतःच्याच कप्प्यात खुडबुडत होते. यंत्रातून ठसठशीत अक्षरांचा एक कागद आला.

"पंधरा वर्षं भिंग धरून वाचतोय," ते ओशाळून म्हणाले. "नियम माझाच, मग मोडायचा कसा?"

कनकाने भिंग उचललं आणि कपाटात ठेवून दिलं.