एकसारख्या दोन बाटल्या

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. आणि वाटलीच, तर त्या माणसाचं डोकं एकदा तपासून घ्या. आमच्या तांड्यावर एका माणसाच्या दंडाला पट्टा आवळला, तशी त्याच्या रक्तानं अशी उसळी घेतली की यंत्रातला पारा काच फोडून उडाला, तो थेट औंढ्याला नागनाथाच्या कळसावर जाऊन बसला. तो माणूस मी, धनसिंग. आणि पारा चढवणारी रूपाबाई.

"घ्या, सुरू झाले काका," कढईखाली लाकूड सारत दिपक म्हणाला. हळद शिजायला अजून वेळ होता. भोवती चार-सहा पोरं-पोरी बसली होती. दिपकची बायको मिना खाली बसून कंदांची माती झटकत होती. मिना म्हणजे रूपाबाईचीच लेक. तिच्यासमोर ही गोष्ट सांगायला छाती लागते. ती मला देवानं दिली आहे, जरा जास्तच.

तर, ऐका. सन अठ्ठ्याण्णव असेल. शहरातल्या कुठल्याशा मोठ्या दवाखान्यातून डॉक्टर लोक आले. शहरातल्या माणसापेक्षा तांड्यावरचं माणूस लवकर म्हातारं का होतं, आणि बीपीनं लवकर मरतं का, हे त्यांना शोधायचं होतं. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडलं, पन्नाशीच्या पुढचे सगळे रांगेत बसवले. रागिणी नावाची तरणी डॉक्टरीण वय विचारत होती आणि आम्ही तिला गोंधळात टाकत होतो.

"काका, जन्मसाल?"

"रझाकाराच्या वक्ताला मी शेळ्या राखत होतो. घ्या लावून हिशोब."

"मी तवा झोळीत होते," शेजारून आवाज आला.

मी वळून बघितलं… आणि बघतच राहिलो. रूपाबाई. लग्न होऊन पुसेगावकडं गेलेली, नवरा गेल्यावर लेकरू घेऊन माहेरच्या तांड्यावर परत आलेली. कपाळावर गोंदण, डोळ्यांत उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं खोल खोल पाणी.

"ती झोळी मीच हलवली असंल," मी म्हणालो.

"तोंड बघा झोळी हलवणाऱ्याचं!" ती म्हणाली. पण तोंड तिनंही बघितलं — चांगलं दोनदा बघितलं.

डॉक्टरीण तिच्याकडं बघून चाचरली. "म्हणजे पन्नास? मला वाटलं… सत्तर."

"चार हंगाम ऊस तोडून बघा, बाई. तुमीबी वाटाल."

मग माझ्या दंडाला पट्टा बांधला. पाऱ्याचं काय झालं ते सांगितलंच.

"काका, थोड्या वेळानं परत मोजू. शांत बसा."

"कसं शांत बसू? ही शेजारी बसून राहिली ना!"

"मंग तोंड तिकडं करा की," रूपाबाई म्हणाली.

"तोंड करतो. जिवाला कुणीकडं करू?"

सगळी रांग हसली. रूपाबाईनं पदर तोंडावर घेतला. हसू झाकायला घेतला, की… आता तुम्हीच ठरवा.

दोघांनाही बीपी निघालं. डॉक्टरीण म्हणाली, मीठ कमी करा. रूपाबाईनं विचारलं, "चटणी-भाकरीतून मीठ काढलं तर बाई, खाली काय राहतं?" डॉक्टरीणबाईंनी कागदात डोकं घातलं. त्या अशा अडल्या की मला आवडायच्या.

दर महिन्याला प्रत्येकाला एक बाटली मिळायची. सगळ्या बाटल्या एकसारख्या, गोळ्या पांढऱ्या. "काही बाटल्यांत औषध आहे, काहींत नुसती पिठाची गोळी," डॉक्टरणीनं समजावलं. "कुणाला कोणती, हे मलाही माहीत नाही. शेवटी उघडून बघायचं. पण एक लक्षात ठेवा, आपली गोळी आपणच खायची. वाटायची नाही."

आमच्या तांड्यावर बोकड कापलं तर घरटी वाटा पडतो. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याही दारात वाटा जातो. एकट्यानं खा, असं सांगणारं माणूस आम्ही पहिल्यांदा बघितलं.

"एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई, बाई," रूपाबाई म्हणाली. डॉक्टरीण हसली. आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले.

मग काय! महिनाभर मी मोजणीच्या दिवसाची वाट बघायचो. भादव्यात एकदा शाळेतून निघताना सर आली. माझ्याकडं पोत्याची खोळ होती, ती एकाचीच. दोघं एका खोळीत शिरलो. ज्वारीच्या कडेनं चिखल तुडवत चाललो. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता… लागत नव्हता… पुन्हा लागत होता.

"लोक बघतेत," ती म्हणाली.

"बघू दे. पावसानं त्यांना नीट दिसत न्हाई."

"तुमाला तरी दिसतंय का नीट?"

"मला फक्त एकच दिसून राहिलं."

"म्हाताऱ्या!" ती म्हणाली. पण खोळीतून बाहेर नाही गेली.

तिच्या दारात मी धीर केला. "रूपा, माझ्या चुलीला कुणी न्हाई. येतीस का?"

तिनं पागोळ्यांखाली पायाचा चिखल धुतला. मग म्हणाली, "मिनाचं लग्न होऊ द्या. पोरगी घरात असताना आईनं दुसरं घर करू नये. तिला वाटे लावते, मंग येते. तवर मी जगले पायजे…" आणि कपाळाला हात लावला. डोकं दुखत होतं तिचं. रोजच दुखायचं.

तो 'तवर' मला खायला लागला, पोरांनो. त्या साली तातेराव बैलाला पाणी पाजता पाजता कोसळला, त्याची एक बाजू गेली. सखुबाईची जीभ लुळी पडली, मग ती पण गेली. खरी गोळी दवाखान्यात मिळत नव्हती का? मिळायची की! यष्टीनं हिंगोलीला जायचं, दिवसभर रांगेत बसायचं आणि गोळ्या संपल्यात असं ऐकून परत यायचं. दुकानातून घ्यावी तर रोजची गोळी म्हणजे रोजची मजुरी. रूपाबाईनं मिनाच्या लग्नापायी एकेक मजुरी बांधून ठेवलेली.

पुढच्या मोजणीला डॉक्टरीण म्हणाली, "काका, तुमचं छान उतरलं हो! रूपाबाई, तुमचं मात्र… अजून वरच आहे."

मिनाचा हात कंदावर थांबला. पण मी आता रंगात आलो होतो.

तेवढ्यात मला कळलं. खरं औषध माझ्या बाटलीत, पीठ तिच्या! मी तिच्याकडं बघितलं. ती कुठंतरी लांब बघत होती, बहुतेक मिनाच्या मांडवाकडं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जेवायला गेलो. अंबाड्याची भाजी होती, भाकर होती. माझी बाटली मी संगतीच आणली होती. ती तिच्या बाटलीशेजारी कोनाड्यात ठेवली. जेवण झालं आणि रूपाबाई पाणी आणायला बाहेर गेली. मी उठलो. झरझर दोन्ही बाटल्या पदरात — म्हणजे धोतराच्या सोग्यात — रिकाम्या केल्या. माझ्या गोळ्या तिच्या बाटलीत, तिच्या माझ्या बाटलीत. झाकणं लावली. छाती अशी धडधडत होती की वरचे पत्रे वाजले!

"मग?" एका पोरीनं विचारलं.

मग दर महिन्याला हेच. मी पीठ खाल्लं, तिला जीव दिला. तिला कधी कळलंसुद्धा नाही. याला म्हणतात प्रेम! तुमच्यासारखं मिस कॉल मारून होतं का ते? तिचं डोकं दुखायचं थांबलं. गालावर रंग आला. सत्तरीची वाटणारी बाई तिशीची दिसायला लागली, डॉक्टरणीनं दोनदा चष्मा पुसला. आणि मिनाच्या लग्नात — याच दिपकच्या मांडवात — रूपाबाई अशी नाचली, अशी नाचली, की हिंगोली स्टेशनात उभी गाडी ताल संपेस्तोवर हलली नाही. आणि मांडव उतरला त्या सांजेला, गाठोडं काखेत घेऊन, लाजत लाजत ती माझ्या दारात…

"काका."

मिना उठली नव्हती. आवाजही चढवला नव्हता. पण कढईशी वाकलेला दिपक सरळ झाला.

"माझ्या लग्नात माझी आई नव्हती, माझी याडी. आदल्या पोळ्याला गेली ती. चुलीपाशी बसल्या बसल्या, डोक्यातली नस फुटून."

कढईतलं पाणी उकळत होतं.

"आन् त्या दिवशी पाणी आणायला ती न्हाई गेली. तुमी हात धुवायला बाहेर गेलते. मी तिथंच होते, भाकर टाकत. पारा याडीचा उतरला होता, काका, तुमचा न्हाई. तिनं दोन्ही बाटल्या काढल्या, गोळ्या पदरात वतल्या. मी इचारलं, याडी, काहून? तिनं ओठावर बोट ठेवलं."

"मिना…" मी म्हणालो.

"बाटल्या तुमी बदलल्या असत्या ना काका, तर आज इथं बसून ही गोष्ट याडीनं सांगितली असती."