कुणाचीच गाठ न पडणारी इमारत

रेवाला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. इमारतीत एकतीस मुलं राहतात असं मय सांगत होता. मय म्हणजे इमारत सांभाळणारा यंत्रमानव, आणि थापा मारणं त्याला ठाऊकच नव्हतं. मग वर्षभरात त्यातलं एकही मूल तिला दिसू नये?

"आत्या, मी कराडला आजीकडे परत जाते," ती शेवटी म्हणाली. "इथे भांडायलासुद्धा कुणी नाही."

आत्याला ते चांगलंच झोंबलं. ही इमारत तिनेच आखली होती, आणि उद्यापासून यंत्रं अशीच दुसरी इमारत उभारायला घेणार होती.

"मय, मुलांच्या कालच्या वाटा दाखव बघू," ती म्हणाली.

टेबलावर इमारतीचा होलोग्राम (हवेत उभं राहणारं प्रकाशचित्र) उमटला. त्यात रंगीत रेषा होत्या. प्रत्येक रेषा आपल्या दारातून निघून आपल्याच कुपीतून (एका कुटुंबापुरती छोटी लिफ्ट) आपल्याच गाडीपर्यंत जात होती.

रेवाने डोळे बारीक केले. "एकही रेष दुसरीला शिवत नाही!"

"तिथेच माझं चुकलं गं. लोक म्हणाले, लिफ्टपाशी ताटकळायला नको. मी मागितलं ते दिलं. पण मैत्री काय ठरवून होते? एखादा चेहरा आज दिसतो, उद्या दिसतो, मग आपण हसतो, मग कधीतरी बोलतो. वास्तुरचना (इमारतीची आखणी) कुणाला मैत्री करायला लावू शकत नाही. पण माणसांची गाठ पडणार की नाही, ते तीच ठरवते."

"मग आपण वाटा एकमेकींना भेटवूया!"

"त्यात प्रत्येकाचा वेळ वाया जाईल," मय म्हणाला.

"जाऊ दे की थोडा," आत्या म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा रिकामाच होता. आत्याने तिथे बाक मांडले, माठ भरला आणि घरोघर निरोप धाडला: आज संध्याकाळी कुप्या तिसऱ्या मजल्यावर थोडा वेळ थांबतील, चालणार नसेल त्यांनी कळवावं.

रेवा बाकावर बसली. तिला धाकधूक वाटत होती. कुणी बोललंच नाही तर कराडची पिशवी भरायचीच, असं तिने ठरवलं होतं. आधी मेथीची जुडी घेतलेले एक आजोबा उतरले, "काय हा नसता ताप!" म्हणाले आणि पाणी पिऊन चक्क बसलेच. मग एक मुलगी आली. निरोप तिला मिळालाच नव्हता.

"ए, माझी कुपी तू थांबवलीस?"

"मी नाही, आत्यानं. मी रेवा, अकराव्या मजल्यावरची."

"मी झिया. मीपण अकराव्यावरच!" मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "रोज पेटी वाजवतेस ती तूच का? माझ्या पलंगामागच्या भिंतीतून ऐकू येते. मला वाटायचं, मयच लावतो."

रेवाला हसू आलं, आणि रडूही. वर्षभर दोघी एकाच भिंतीला पाठ लावून झोपत होत्या.

"मय," माठापाशी उभी असलेली आत्या हळूच म्हणाली, "उद्याची यंत्रं थांबव. नव्या इमारतीत मजल्यामजल्यावर व्हरांडा हवा, सगळ्यांच्या वाटेत येणारा."

रेवाचं तिकडे लक्षच नव्हतं. झिया तिला सांगत होती, "तुझी ती दुसरी ओळ दरवेळी चुकते, माहितेय?"

"मुळीच नाही!" रेवा उसळून म्हणाली, आणि दोघींची मस्त जुंपली.